आठ वाजताचा काकडा

मोहगाव,
१० डिसेंबर २०२५

ती. ताईस,
पुंडलिकचा शि. सा. न. वि. वि.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर पहिलं पत्र तू मला लिहिलंस. अक्षरं ओळीवरून घसरली होती, तरी वाचून जीव थंड झाला. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून सुखदुःख सांगता येत नाही, तेव्हा आपलं हे पत्रांचंच बरं.

बातमी अशी की वीरेंद्रनं संत्र्याच्या बगिच्यात पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या नाताळच्या सुट्टीत सगळ्या भरल्या. नागपूरचे, भोपाळचे लोक येणार. संत्री झाडावरून तोडून खायची, शेकोटीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, बैलबंडीतून फेरी, आणि पहाटे आपल्या देवळात काकडा! मी त्याला म्हटलं की बाबू, काकडा कार्तिक पुनवेला संपला, काला झाला, आता विठोबाला थंडीत कशाला उठवून राहिला. तर तो म्हणतो की पाहुण्यांना सुट्टी डिसेंबरातच मिळते, अन् देवाला सगळे महिने सारखेच. सूनबाई म्हणाली की लोक सुट्टीत कुठं कुठं जाऊन काय काय करतात, इथं येऊन देवाचं नाव घेतलं तर वाईट काय. प्रणालीपुढे माझं कधी चाललं आहे! आणि खरं सांगू, मला ते थोडं आवडलंही.

आवडलं ते तुझ्यासाठी. बाबांनी देऊळ बांधलं तेव्हापासून तू कार्तिकात आली नाहीस असं कधी झालं नव्हतं. यंदा डोळ्यापायी चुकलं. देवानं खास तुझ्यासाठी कार्तिक पुन्हा काढला असं समज आणि ये. पांढुर्णा जिल्ह्याचं गाव झालं म्हणून माहेर विसरू नकोस. दादाजीला सांगितलं आहे, म्हातारा मृदंगाला नवी शाई लावून तयार बसला आहे.

घरातल्या सगळ्यांचे नमस्कार. माया करतेस तशीच करत राहा.

तुझा,
पुंडलिक


पांढुर्णा,
१५ डिसेंबर २०२५

चि. पुंडलिकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र एका डोळ्यानं वाचलं, दुसरा अजून रुसलेला आहे.

तुझा वीरेंद्र भारी हुशार. बाबा असते तर या अवकाळी काकड्यावरून त्याच्या पाठीत धपाटा बसला असता, आणि त्याला आवरलं नाही म्हणून दुसरा तुझ्या. पण मला यायचं आहे, हे तुझ्यापासून काय लपवू? कार्तिकात डोळ्याला पट्टी बांधून पडले होते, तेव्हा पहाटे आपोआप जाग यायची आणि तोंडातल्या तोंडात सगळी पदं म्हणून काढायचे. शेवटी आरतीपाशी रडू यायचं. डॉक्टरनं रडायचं नाही असं बजावलं होतं, त्यालाही भ्यावं लागायचं.

एक मागणं आहे. काकडा मी पेटवीन. लहानपणी बाबा तो मान मलाच द्यायचे, तू तेव्हा पांघरुणात घोरत असायचास. आईच्या जुन्या लुगड्याचा पदर माझ्या पेटीत होता. त्याचा काकडा वळून ठेवला आहे, तुपात भिजवायचा तेवढा राहिला.

चोवीस तारखेला दुपारच्या बसनं निघते. सौंसरच्या स्टँडवर कोणाला तरी पाठव. पाहुण्यांच्या गडबडीत मला विसरू नकोस म्हणजे झालं.

लेकरांना माझे गोड पापे.

तुझी,
ताई


पांढुर्णा,
२७ डिसेंबर २०२५

चि. पुंडलिकास,
आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचले. कोणाला न सांगता निघाले म्हणून प्रणालीला वाईट वाटलं असेल. तिला सांग की गुडघा धरला होता आणि पुढची बस उशिराची होती.

खोल्या छान बांधल्या आहेत. पाहुण्यांची बडदास्त चांगली ठेवता. देवळावरच्या दिव्यांच्या माळा शोभत होत्या. भरीत चवदार झालं होतं.

इकडे थंडी आहे. डोळ्यात औषध घालणं चालू आहे. उत्तराची घाई करू नये, तुमची सुट्टीची गर्दी असेल.

कळावे.

वच्छला


मोहगाव,
१ जानेवारी २०२६

ती. ताईस,
पुंडलिकचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. गुडघा, बस, माळा, भरीत, सगळं वाचलं. खाली नुसतं वच्छला लिहिलंस, तेही वाचलं.

त्या पहाटे मी देवळाशी आलो तर तू गार पाण्यानं आंघोळ करून पायरीवर बसली होतीस, मांडीवर काकडा. दादाजी मृदंग पोटाशी धरून कुडकुडत होता. मी दार उघडलं, विठोबाच्या अंगावरची शाल काढली, दिवा लावला. तेवढ्यात वीरेंद्र पळत आला की पाहुणे शेकोटीपाशी फार जागले, कोणी उठलं नाही, आठ वाजता करू. आणि मी तुला म्हणालो की जाऊन थोडी पड, कार्यक्रम आठला आहे. काकड्याला कार्यक्रम म्हणालो! तू पायरीवरून हलली नाहीस.

आठला ऊन पार गाभाऱ्यात आलं होतं. पाहुण्यांना सुरुवातीपासून व्हिडिओ हवा होता, म्हणून वीरेंद्रनं सांगितलं की शाल परत घाला, पडदा ओढा. मी ओढला. तुझ्यासमोर उठवलेला देव तुझ्याचसमोर परत झोपवला, लोकांना उठवून दाखवायला. माझा हात थांबला नाही गं.

मग तू काकडा घेऊन पुढे आलीस. त्या भोपाळच्या बाईनं फोन खाली करून मला विचारलं की ह्या माताजी मध्ये येत आहेत, कोण आहेत. मी म्हणालो की घरात कामाला असतात. ताई, हे माझ्या तोंडून गेलं. तुझी विटकी शाल, कानाला गुंडाळलेला मफलर, डोळ्यावर दवाखान्याचा काळा चष्मा, आणि भोवती ती झकपक माणसं. मला तुझी लाज वाटली. लहानपणी जिनं मला कडेवर घेऊन हेच देऊळ दाखवलं, तिची.

आठवडाभर स्वतःची समजूत घालत राहिलो की तुला ऐकू आलं नसेल. कानानं अधू आहे ते बरंच झालं, असंही मनात येऊन गेलं. इतका खाली गेलो मी.

मग आरती दुसऱ्याच काकड्यानं झाली. उशिरा उठलेल्या पाहुण्यांनी काकडा दुसऱ्यांदा करायला सांगितला, तेव्हा दादाजीनं मला विचारलं की वच्छलाबाई काहून दिसून नाही राहिल्या. मी इकडेतिकडे पाहायला लागलो. त्यानं मृदंगाला खोळ घातली आणि घरी गेला. तो अजून आलेला नाही. तुझा काकडा संध्याकाळी देवाच्या कोनाड्यात सापडला, तुपात भिजवलेला, न पेटलेला. तेव्हापासून पूजा प्रणाली करते. मी दाराशी जातो आणि परत फिरतो.

संक्रांतीला पुन्हा पाहुणे आहेत आणि वीरेंद्र पुन्हा काकडा म्हणतो आहे. मी काय करू ते तूच सांग. रागावून चार ओळी लिहिल्यास तरी चालेल.

क्षमा कर असं लिहायला हात धजत नाही.

तुझाच,
पुंडलिक


पांढुर्णा,
६ जानेवारी २०२६

चि. पुंडलिकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला ऐकू येत नाही हे खरं. पण समोरच्या माणसाचे ओठ मला कळतात, आणि तुझे तर तू बोबडं बोलायचास तेव्हापासून.

राग आला. बसमध्ये सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत चष्म्याआड रडले, डॉक्टरचं ऐकलं नाही. पण तुला ठाऊक नाही ते सांगते. आरती झाल्यावर तू आत गेलास, तेव्हा त्या बाईनं मला आंघोळीचं गरम पाणी आणायला सांगितलं. मी दोन बादल्या तिच्या खोलीशी नेऊन ठेवल्या. तिला खरं सांगितलं असतं तर माझा भाऊ चारचौघांत खोटा पडला असता. बाबांच्या लेकीनं बाबांच्याच बगिच्यात मोलकरीण होऊन तुझी अब्रू राखली. तुझ्या बोलण्याचं नाही वाटलं इतकं मला त्या बादल्यांचं वाटतं. इतकं कसं गं मी गिळलं, असं स्वतःलाच विचारते.

त्या बाईला दोष नाही, तिनं हात जोडून आभार मानले. वीरेंद्रलाही नको, लेकरू बापाकडे पाहूनच वागतं. त्याला सांग की पाहुण्यांना संध्याकाळी आरतीला बसवा, तिळगूळ द्या, देऊळ सगळ्यांसाठी उघडंच आहे. काकडा मात्र कार्तिकात. दादाजीकडे कोणाला पाठवू नकोस, स्वतःच्या पायांनी जा. आईच्या पदराचा काकडा कोनाड्यातच राहू दे. कार्तिकात पाहुणे उठोत न उठोत, मी येऊन पेटवीन.

त्याआधी संक्रांतीला येते. पाहुणे अंगणात जेवायला बसलेले असतील, तेव्हाच फाटकाशी पोचेन. शाल तीच असेल, मफलर तोच, चष्माही तोच. तू पंगतीतून उठून ये आणि मला ताई म्हणून हाक मार. ओठ नुसते हलवू नकोस. माझ्या या कानांना ऐकू येईल इतक्या मोठ्यानं मार.

तोवर सही नुसत्या नावाची करते.

वच्छला