फांदीला सीटबेल्ट

बुधवार, १० सप्टेंबर

काका यायला तयार झाले. आईने तीनदा निरोप धाडला तेव्हा कुठे. "येतो, पण मला बोलायला लावू नका," म्हणाले. आई म्हणाली, "भाऊजी, काम बोलायचंच आहे."

खरंच तेवढंच काम आहे. बाबा दोन वर्षांपूर्वी मॉसेल बेला वारले — मासळीच्या कारखान्याच्या फाटकावर, रखवालदाराच्या खुर्चीत बसल्या बसल्या. त्यांना गावी आणलं, माती दिली, सगळं रीतसर झालं. घाईत फांदी तेवढी राहिली. म्हणजे शरीर आलं, बाबा तिकडेच! आईच्या स्वप्नात येतात. त्याच फाटकापाशी उभे असतात आणि विचारतात, "मला न्यायला कोण येतंय?" दोन वर्षांत आई धड झोपलेली नाही. डोळे पार खोल गेलेत तिचे.

तेव्हा म्फाफाची फांदी — बोरीसारखी काटेरी — तिकडे न्यायची, बाबांना हाक मारायची आणि त्यांना फांदीबरोबर घरी आणायचं. हाक घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने मारायची, तीही मनापासून. नाहीतर ते येत नाहीत. असा पुरुष आता एकच उरलाय, म्झामोकाका. बाबांचे धाकटे भाऊ. आजीच्या मातीच्या दिवसापासून बाबा जाईपर्यंत, म्हणजे नऊ वर्षं, बाबांशी एक शब्द बोलले नव्हते. बाबांच्या मातीला आले, पण लांब उभे राहिले.

भांडण कशावरून, कुणी सांगत नाही. माझ्या मते गुरांवरून असावं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

दिवसभर गाडी. डावीकडे समुद्र. लोक हा रस्ता बघायला विमानाने येतात म्हणे. आई डोळे मिटून बसलेली. काका शेळ्यांबद्दल बोलले, मग शेळ्यांच्या औषधाबद्दल. मी आमच्याकडच्या ईस्ट लंडन शहरात लोकांना गाडी चालवायला शिकवते, तरी प्रत्येक वळणावर ते पाय दाबून ब्रेक मारत होते.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

कारखान्याचं फाटक. तिथला नवा रखवालदार आमच्याकडचाच निघाला. फांदी बघून काही न विचारता बाजूला झाला.

काकांनी फांदी जमिनीला टेकवली. "दादा. गाडी आलीय. चल."

संपलं. आई म्हणाली, "अशी हाक मारतात?" पण काकांना आता उत्तर देता येईना. हाक मारली की घरी पोचेपर्यंत फांदी धरणाऱ्याने फक्त गेलेल्या माणसाशी बोलायचं, दुसऱ्या कुणाशी नाही. शिवाय वाटेतली प्रत्येक नदी, प्रत्येक पूल त्याला सांगायचा. नाहीतर तो मागे राहतो.

फांदीला मागची सीट दिली. सीटबेल्ट मीच लावला. नियम म्हणजे नियम.

"पूल," काका म्हणाले. थोड्या वेळाने, "नदी." मग, "अजून एक." ब्लोक्रान्सचा पूल इतका उंच की लोक पैसे भरून, पायाला दोर बांधून तिथून उड्या मारतात. काका म्हणाले, "पूल."

मधेच — "दादा, तुझ्या पोरीला सांग, ट्रकच्या मागे राहा." मी म्हटलं, "बाबा, त्यांना सांगा, पोरीला दिसतंय." — "दादा, वहिनीला सांग, काच वर कर. वारा लागतोय." असं आमचं घरगुती बोलणं बाबांमार्फत चाललं होतं.

पोलिसाने अडवलं. "किती माणसं?" आई म्हणाली, "चार." त्याने आत वाकून बघितलं, टोपी काढली. "म्हाताऱ्यांना सांभाळून न्या," म्हणाला.

स्टॉर्म्स नदी ओलांडली आणि काका एकाएकी म्हणाले, "दादा, मी फोन केला होता."

मला कळेना कसला फोन.

"आईच्या मातीच्या दिवशी. कोम्गाला बस बंद पडली. मी फोन केला, तासभर थांबा, पोचतोच. तू थांबला नाहीस. मी आलो तर लोक हात धुऊन जेवायला बसलेले. माझ्या हातची मूठभर माती आईला मिळाली नाही, दादा."

म्हणजे गुरं नव्हतीच. आरशात आईकडे बघितलं. ती समुद्राकडे बघत होती. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

मुक्काम जेफ्रीज बे. काकांच्या खोलीत फांदीला वेगळा पलंग. मालकीणबाईंनी कारण विचारलं नाही, भाडं तेवढं घेतलं.

शनिवार, १३ सप्टेंबर

आई सकाळी न्याहारीला आली ती पांढरीफटक. बाबा परत स्वप्नात आले. फाटकापाशीच उभे!

"फांदी रिकामी आहे, भाऊजी. हे आलेच नाहीत."

म्हणजे पोलिसाने टोपी काढली ती नुसत्या लाकडासाठी. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. काका फांदी मांडीवर घेऊन बसले होते. "मी बोलावलं की, दादा," एवढंच म्हणाले.

मग आई बोलली. जसं आठवतं तसं लिहिते.

"भाऊजी, तुम्हाला मधे बोलता येत नाही, तोवर सांगून टाकते. तुमचा तो फोन मी घेतला होता. ह्यांना सांगितलाच नाही. आभाळ भरून आलं होतं, माणसं उपाशी, पाद्री घाई करत होता. आणि तुम्ही मेले कायम उशिरा. मीच म्हटलं, आटपून घ्या. ह्यांना वाटलं तुम्ही मुद्दाम आला नाहीत. जाईपर्यंत तेच वाटत होतं त्यांना. रोज म्हणायचे, सख्ख्या आईच्या मातीला आला नाही. रोज मी ठरवायची, आज सांगू. नाही सांगितलं."

काकांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. एक शब्द बोलले असते तर सगळी यात्रा फुकट, म्हणून नाही बोलले. फांदी घेऊन अंगणात गेले. "दादा," म्हणाले. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मला आईचा संताप आला. नऊ वर्षं! दोन सख्खे भाऊ! वर तिची पेज तशीच गार होत होती, ती बघून कीवही आली. दोन्ही एकदम होतं.

काका आले, फांदीला स्वतःच सीटबेल्ट लावला आणि माझ्याकडे बघून बोटाने हवेत गोल काढला. मागे फिरव.

फिरवली. समुद्र परत डावीकडे.

रखवालदार म्हणाला, "काही विसरलं का?"

आई म्हणाली, "हो. ह्यांनाच."

काकांनी टोपी काढली. खाली मातीतच बसले. मग म्हणाले — "दादा, मी म्झामो. तुला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक नाही हे मला ठाऊक नव्हतं. तुझ्या मातीला मी खांदा दिला नाही. परक्यासारखा कुंपणाशी उभा होतो. बास झालं आता. घरी चल. तुझं आवरेपर्यंत मी बसतो इथे. मला कसली घाई नाही."

बसले. मासळीचे ट्रक आत-बाहेर करत होते. रखवालदाराने चहा आणून दिला. उन्हं कलली तेव्हा काका उठले, फांदी दोन्ही हातांनी धरून, म्हाताऱ्या माणसाला पायरी उतरवतात तसे. बाबा आले का, हे विचारावं लागलं नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. चष्मा पुसायला गाडीमागे गेले.

रविवार, १४ सप्टेंबर

विल्डरनेसच्या मुक्कामाहून निघालो. आई रात्री झोपली. घोरली! मला तिच्या शेजारी झोप लागली नाही, पण तक्रार नाही.

काकांचं तोंड थांबेना. "दादा, ही काउई नदी, ते बघ गोऱ्यांच्या होड्या, एकेक आपल्या घराएवढी." "दादा, आपल्या लहानपणी तुझी पँट ओढ्यात वाहून गेली होती, आठवतं?" — स्वतःच हसायचे, उत्तर आल्यासारखे थांबायचे, परत हसायचे. मलाही बाबांमार्फत चार टोमणे मिळाले. आईच्या वाटेला काही आलं नाही. नियमच तसा, मी स्वतःला म्हटलं.

सोमवार, १५ सप्टेंबर

केई नदीच्या मुखाशी पूल नाही, तराफा आहे. गाडीसकट त्यावर चढलो. वारा होता. "दादा, ही शेवटची. घट्ट धर."

घरी सगळी भावकी गोठ्यापाशी उभी, कुळाचं नाव घेऊन घेऊन बाबांना आत घेतलं. फांदी गोठ्याच्या कुडात खोचली. काकांचं तोंड मोकळं झालं. सगळ्यांशी बोलले. मला म्हणाले, "घाटात तिसरा गियर? तू शिकवतेस लोकांना?"

आई चुलीपाशी होती.

रविवार, २८ सप्टेंबर

काका रोज सकाळी येतात. गोठ्यात बसून बाबांशी तासन्तास बोलतात. सुनेने सासरच्या गोठ्यात पाऊल टाकायचं नसतं, म्हणून आज आई चहा घेऊन कुंपणाबाहेर उभी राहिली. काका उठले, तिच्या शेजारून गेले, कपाकडेही बघितलं नाही. मला म्हणाले, "येतो, झिकोना." पंधरा दिवसांत तिच्याशी एक अक्षर नाही.

मी म्हटलं, आई, मी बोलू का त्यांच्याशी?

"नको," ती म्हणाली. "हे घरी आलेत ना." आणि तो चहा तिनेच प्यायला.