मी ठीक आहे, हवा थंड आहे

१२ जानेवारी

प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर बसला एकदाचा! बसला म्हणजे उघडतो. ऐकत मात्र काही नाही. रेडिओ तारेने जोडलाय, अँटेना गोठ्यापासून पॉप्लरच्या शेंड्यापर्यंत ताणलीय, पडद्यावर निळा पट्टा धबधब्यासारखा खाली सरकतोय — आणि अक्षर एकही नाही. सगळी जोडणी पुन्हा पुन्हा तपासली. शेवटी अपा — माझी आई — म्हणाली, "पुरे कर रे. त्या तारेला लाज वाटायला लागली."

हे सगळं कुबात बाइकेसाठी. माझा थोरला भाऊ खिंडीपलीकडच्या हवामान चौकीवर आहे. खिंड बर्फाने बंद, फोन पोचत नाही, चौकीच्या सरकारी बिनतारीवर हवामानाशिवाय शब्द काढायचा नाही. पण त्याच्याकडे स्वतःचा रेडिओ आहे आणि हाच प्रोग्रॅम. इथे टाइप केलं की तिकडे अक्षरं उमटतात. उमटली पाहिजेत.

त्याला मुलगा झालाय. त्याला माहीत नाही. आणि मुलाला नाव नाही. नाव आजोबांनी ठेवायचं, पण बाबा म्हणतात, "बापानं मागू दे. मागितल्याशिवाय मी देणार नाही." जाझगुल जेंगेनं — बाळाच्या आईनं — तीनदा मागितलं. "तू नाही. तो." उन्हाळ्यात बाबांनी पाहुण्यांसाठी बाइकेची घोडी कापली, त्याला न विचारता. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत.

बाळाला सध्या सगळे "पाहुणा" म्हणतात.

१३ जानेवारी

वालेन्तिन पेत्रोविच आले. परवाना त्यांचा, कॉलसाइन — म्हणजे हवेतलं ओळखनाव — त्यांचा, बाइकेला आणि मला शिकवलं त्यांनीच. ते शेजारी बसल्याशिवाय मी पाठवण्याचं बटण दाबायचं नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलंही नाही, कोपऱ्यातल्या वेळेकडे पाहिलं.

"तुझं घड्याळ चुकलंय. इथे सगळे ठरलेल्या ठोक्यावर बोलतात आणि ठरलेल्या ठोक्यावर ऐकतात. तू मध्येच कान उघडतोस."

बाबा दारातून — "आमच्या घरातलं घड्याळ चुकत नाही!"

"मग पृथ्वी चुकली असेल, तोकतोसुन आके. तिला कळवतो."

घड्याळ लावलं आणि अक्षरं पडायला लागली! अल्माटी, ओम्स्क, कुठला तरी समुद्र. अपानं मध्येच गरम तळलेले बोर्सोक आणून ठेवले. तुपकट बोटं कीबोर्डला लागू नयेत म्हणून मी एकही खाल्ला नाही. वालेन्तिन पेत्रोविचनी सगळे खाल्ले.

१४ जानेवारी

कारागांदाच्या एका माणसानं उत्तर दिलं. रीतीप्रमाणे आमचा आवाज किती स्पष्ट पोचला तो आकडा कळवला — उणे अठरा.

बाबांचा चेहरा पडला. "उणे? मी त्याचं काय बिघडवलंय?"

मी समजावलं. इथे बहुतेक सगळे उणेच असतात, उणे असूनही वाचता येतं, हीच तर या प्रोग्रॅमची कमाल.

"ते असू दे. तू त्याला किती देणार?"

"उणे एकवीस. तेवढाच येतोय तो."

"दारात आलेल्या माणसाला उणे एकवीस? माझ्या घरातून? अधिक दे!"

मी वालेन्तिन पेत्रोविचकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. अधिक पाच पाठवलं. कारागांदावाल्यानं तीन वेळा विचारलं, नक्की का? बाबा म्हणाले, "बघ, आनंदानं विश्वास बसत नाहीये बिचाऱ्याचा."

खोटा आकडा पाठवलाय मी. कुठेतरी नोंदला गेला असेल.

१५ जानेवारी

बाइके नाही. वारा.

१६ जानेवारी

सापडला!! त्याचा कॉलसाइन, अंधुक, पण त्याचाच. मी "मुलगा झाला, नाव माग" एवढंच टाइप केलं होतं. बाबांनी हात धरला.

"असा एकदम? डोंगरात राहणाऱ्या माणसाला आधी ख्यालीखुशाली विचारतात."

मग सांगायला लागले. तब्येत कशी, झोप लागते का, सरपण आहे का, छप्पर गळतं का, चौकीचा कुत्रा कसा आहे, चौकीचा साहेब कसा आहे, साहेबाची म्हातारी आई कशी आहे. प्रोग्रॅम मुंगीच्या चालीनं जातो, रेडिओवर चहा गरम होईल इतका तो तापला, आणि आपली ө, ү, ң ही अक्षरं तो घेतच नाही — बाबांच्या तोंडचा प्रत्येक शब्द मला परक्या अक्षरांत मोडून लिहावा लागतो. जीव तुटतो. म्हाताऱ्या आईपर्यंत पोचलो आणि वीज गेली.

आली तेव्हा मी म्हटलं, "कुत्र्यापासून पुढे चालू करतो."

"ख्यालीखुशाली मधूनच सुरू करतात का रे? पहिल्यापासून!"

संध्याकाळपर्यंत मुलाची बातमी गेली. उत्तर आलं — मी ठीक आहे. हवा थंड आहे. स्टेशन चालू आहे.

मुलाबद्दल काही नाही. घोडीबद्दल काही नाही. पण बाबा पडद्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "उलटून बोलला नाही."

१७ जानेवारी

बाबांनी विचारलं, पीठ पुरेल का? — मी ठीक आहे. हवा थंड आहे. स्टेशन चालू आहे.

बाबांनी विचारलं, माझ्यावर रागावलायस का? — तेच.

"समजूतदार झालाय," बाबा म्हणाले. "उंचावर माणूस निवळतो."

१९ जानेवारी

गावभर झालं. आज शेजारची बुरुल एजे आली. तिची सून माहेरी निघून गेलीय, तिला परत बोलवू का, असं कुबातला विचार म्हणाली. मी म्हटलं, एजे, तो हवामानवाला आहे. "सुनेचं पण हवामानच असतं रे."

विचारलं. तेच उत्तर आलं.

बुरुल एजेनं ते दोनदा वाचून घेतलं. "थंड आहे म्हणतोय. मग नाही बोलवत अजून." मला सुकं चीज देऊन गेली, हुशार भाऊ आहे म्हणून.

जाझगुल जेंगे बाळाला घेऊन मागे उभी होती.

२० जानेवारी

आज वालेन्तिन पेत्रोविचना दारापर्यंत सोडताना विचारलंच. ते थांबून म्हणाले, "रोज तेच वाक्य ना? प्रोग्रॅममध्ये सोय आहे. खुर्चीत कोणी नसलं तर यंत्र स्वतःच ठरलेलं उत्तर देतं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझ्या बापाला हसताना मी किती वर्षांनी पाहिलं, माहीत आहे?"

म्हणजे आमचं काहीच पोचलेलं नाही. बाबांना सांगायला हवं. न सांगणं हे खोट्या आकड्यापेक्षा वाईट.

२१ जानेवारी

सांगितलं. जेवणाआधी, सगळ्यांसमोर.

बाबांनी पाव मोडता मोडता खाली ठेवला. "म्हणजे तिकडे कोणीच नाही?"

"नुसतं यंत्र आहे, बाबा."

अपा म्हणाली, "आणि यांना वाटलं पोरगं सुधारलं."

जाझगुल जेंगे उठून आत गेली. तिला खरंच वाटलं होतं, की तो मागेल.

मला वाटलं बाबा रेडिओ उचलून बर्फात फेकतील. जेवले आणि झोपले.

२२ जानेवारी

बाबा माझ्याआधी खुर्चीशी! वालेन्तिन पेत्रोविचना स्वतः जाऊन घेऊन आले होते.

"लाव."

"बाबा, पण तिकडे यंत्रच —"

"म्हणूनच लाव. यंत्राला सांगायला लाज कसली?"

मग सांगत गेले. मी लिहीत गेलो. या वेळी ख्यालीखुशाली नव्हती.

घोडी मी कापायला नको होती. पाहुण्यांना मेंढीही चालली असती. पाहुणे मोठे होते आणि मला त्यांच्यासमोर मोठं दिसायचं होतं. तू तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलंस, ते मी पाहिलं होतं. तिचं मांस माझ्या घशाखाली उतरलं नाही, मी नुसता चावत बसलो. तुझ्या पोराचे कान तुझ्यासारखे आहेत. त्याला नाव नाही, कारण त्याचा आजोबा गाढव आहे.

"गाढव" लिहू का, असं विचारलं. "लिही. मोठ्या अक्षरांत." या प्रोग्रॅममध्ये सगळीच अक्षरं मोठी असतात. मी सांगितलं नाही.

वालेन्तिन पेत्रोविच खिडकीकडे तोंड करून बसले होते.

उत्तर नाही. यंत्रानंसुद्धा नाही. त्याच्याकडची वीज गेली असेल, किंवा आमचीच काही जोडणी. उद्या सगळं पुन्हा तपासतो.

२३ जानेवारी

सकाळी उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो —

"यंत्र नव्हतं. रोज मीच टाइप करत होतो. दुसरं काही लिहायला हात उठत नव्हता. बाबा, नाव द्या."

बाबांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. मग जाझगुल जेंगेला हाक मारली, बाळ मांडीवर घेतलं, त्याच्या कानाशी वाकले आणि मग मला म्हणाले, "पाठव — एसेनतुर." म्हणजे, ठीक राहा.