कडीवर हात

गोडादरा, सुरत
१८ नोव्हेंबर

प्रिय धनश्री,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले, तुझा दादा लूमवर जायला लागला आणि भाजीत मीठ कमी आहे हे सांगायलाही. फोन सोडून पत्र कसं, असं वाटेल तुला. एका खोलीत फोनवर बोललेलं सगळ्यांचंच होतं, म्हणून.

तू मोबाईलवर पाठवलेली तुझ्या अभ्यासातली ती नवकथा मी बायकांना वाचून दाखवली. दुपारी आम्ही ओट्यावर साड्यांना खडे चिकटवत बसतो, तिथंच. एक बाई घरात एकटी असते, दारावर थाप पडते, ती कडीवर हात ठेवून घाबरून उभी राहते आणि गोष्ट संपते. मी मोबाईल खाली ठेवला तर शोभाबाई म्हणाल्या, "पुढचं वाच की." पुढचं नाहीच म्हटल्यावर त्या चिडल्या. "आसं कसं? आपण साडी अर्धी ठिवली तर शेठ घेईल का?"

मग एकेकीनं आपापला शेवट लावला. शोभाबाईंच्या मते दारात घरमालक होता, खोली खाली करा म्हणायला आलेला. समोरची कुसुम शेवट सांगेना. तिनं एवढंच विचारलं, "कडी पक्की आहे ना तिची?" तिचा नवरा पिऊन येतो हे तुला ठाऊकच आहे. मी गोंदाची वाटी तिच्याकडे सरकवली.

तू म्हणतेस ते खरं, अपुऱ्या गोष्टीत माणूस आपली भीती भरतो. पण तुझ्या कथांतल्या बायका घाबरल्या की खिडकीशी बसून राहतात. आमच्या घाबरतात आणि खडेही सरळ रांगेत लावतात. मला फार कौतुक वाटतं त्यांचं.

माझा शेवट काय, ते विचारशीलच. आधी आईंचं ऐक.

तुझ्या बाबांचा हात लूममध्ये सापडला, तेव्हा कारखान्यातला माणूस अशीच थाप मारून सांगायला आला होता. तू शाळेत होतीस. तेव्हापासून थाप पडली की आईंचा हात थांबतो, हे मी लग्न होऊन आल्यापासून बघते. त्यांच्यापुढं ही गोष्ट कशाला वाचली, असं मला झालं. त्यांनी हातातली खड्यांची रांग पुरी केली. मग म्हणाल्या, "दार उघाड म्हन तिले. घरमा मी शे ना."

अगं, त्या गोष्टीत दुसरं कुणीच नाही. आई आपण होऊन तिथं जाऊन बसल्या. स्वतः थापेला घाबरणारी बाई दुसरीला उघड म्हणते, याला तुमच्या नवकथांच्या मानसशास्त्रात काही नाव असेल तर कळव. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आता माझं. लग्नात सुटलेलं बी.ए.चं शेवटचं वर्ष दे, परीक्षेला जळगावला माझ्या खोलीवर राहा, असं तू किती दिवस सांगते आहेस. मी कधी दादाच्या डब्याचं कारण दिलं, कधी आईंच्या गुडघ्यांचं, कधी लग्नसराईच्या कामाचं. त्यातलं एकही खरं नाही. नापास होण्याचीही भीती नाही गं. पास झाले तर, याची आहे. मग मला आणखी काही हवंसं वाटेल. हा ओटा, ही खोली, तुझा दादा, सगळं पुरेनासं झालं तर? या घरानं मला कधी दुखवलं नाही, म्हणून तर जास्त भीती वाटते. गोष्टीतल्या त्या दाराबाहेर मला मीच उभी दिसले, हातात बॅग घेऊन.

हे सगळं आईंना सांगायचं धाडस झालं नाही. काल फक्त विचारलं, परीक्षेला जाऊ का. त्यांनी साडीवरची नजर उचलली नाही.

"सांगेल शे ना तुले," म्हणाल्या. दार उघड, हे आधीच सांगून झालंय, असं.

म्हणजे कडीवर हात ठेवून उभी ती बाई मीच, हे त्यांना ओट्यावरच कळलं होतं.

तेव्हा माझा फॉर्म भर. तुझ्या दादाशी आई बोलणार आहेत. इथून उधन्याहून गाडीत मी एकटीच बसणार. जळगाव स्टेशनवर घ्यायला ये.

कडी काढून उभी असलेली,
तुझी वहिनी
गायत्री