तुरटीची चांदणी

शुक्रवार, १२ जुलै १९७४

सूनबाईनं घरातली सगळी तुरटी गरम पाण्यात विरघळवली अन् त्यात दोऱ्याची चांदणी दोन दिवस टांगली. चांदणीवर खडे धरले. ती बैठकीत लटकवून मले सांगते, "आत्याबाई, हे रसायनशास्त्र आहे." असेल. मी चौथीतच शाळा सोडली. पण नळाले चार दिवसांपासून मातकट पाणी, नातीचं पोट बिघडलेलं, अन् तुरटी शोभेले! शेजारणी वाहवा करून गेल्या. पाणी कोणी मागितलं नाही, नशीब.

दुपारी सूनबाई झोपली. मी चांदणी काढून हंड्यात फिरवली, परत टांगली. गाळ खाली बसला. वरचं पाणी उकळून नातीले पाजलं.

संध्याकाळी सूनबाई विचारते, "आत्याबाई, चांदणी अशी वाळून काहून गेली?"

म्हटलं, "कामाले लागली की वाळतेच. तुले कसं माहीत असणार?"