दोन पातेल्यांतला भात

४ मार्च
त्या बाईलाही तेच! अगदी तेच! ग्लुटामेट, ते अजिनोमोटोतलं. जगात एवढे आजार पडलेत, हिला नेमका आमच्या यांचाच सापडला.

हे ऑफिसातून फुलूनच आले. "अगं, नकाशे काढायला नवी आलीय ना, तिलाही सोसत नाही. टोमॅटो नाही, चीज नाही, पाकिटातलं सूप नाही. तीपण डब्यात नुसता भात आणते!" जशी काही लॉटरीच लागली.

५ मार्च
अकरा वर्षं झाली. लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात हे बाहेर जेवून आले, तो चेहरा लाल, कानशिलं ठणकतायत. तेव्हापासून तांदूळ तीन पाण्यांतून मी धुते. पेज मी काढते. शिळं शीत ताटात येऊ देत नाही. पाकिटांमागची बारीक अक्षरं वाचून वाचून चष्मा लागला मला! आणि आता डबे उघडून "तुमचा कसा, माझा कसा" हे दोघं करणार?

६ मार्च
ती म्हणे भातात दोन थेंब लिंबू पिळते. मोकळा होतो म्हणे. शिकवा, मला आता भात शिकवा!

११ मार्च
आजपासून मीही नुसता भात.

१२ मार्च
नाही जमलं. दुपारी शिवणाच्या दुकानात चीज-टोमॅटोचं सँडविच खाल्लं. उभ्याने. काही म्हणजे काही झालं नाही. साधं डोकंसुद्धा दुखत नाही मेलं!

१८ मार्च
यांची पँट कमरेत सैल करून हवीय. दिवसभर लोकांचे कपडे उसवते-शिवते मी, माप माझ्यापासून लपत नाही. मागच्या वर्षी कंबर एक बोट वाढली, यंदा दुसरं. मागच्या वर्षी ती नव्हती, मान्य. पण यंदाचं बोट तिचंच!

दुकानात काजं करणारी म्हणाली, "ढोंग असेल गं. आजार जुळला की ओळख लवकर वाढते." झालं, डोक्यात किडा सोडून दिला.

२० मार्च
रविवारी जेवायला बोलावलंय तिला. मीच! हे चाटच पडले.

२४ मार्च, रविवार
पातेली दोन चढवली. मोठ्यात आपला नेहमीचा भात. छोट्यात तिचा, आणि त्यात सूपच्या पावडरचा अर्धा चमचा. चमचा दोनदा परत पाकिटात ठेवला, खोटं कशाला लिहू! पण टाकलाच. ढोंगी असली तर हसतखेळत जेवेल आणि उघडी पडेल.

आली. साधीच आहे. "वहिनी, तुमच्या भाताचं रोज ऐकते," म्हणाली. दोनदा घेतला. तिच्या पातेल्यात थोडा उरला, तर हे म्हणतात, "टाकायचा कशाला?" आणि पातेलंच पुढ्यात ओढलं! मी तोंड उघडलं — पण कारण काय सांगणार? पाच घास. मी मोजले. वर आणि, "आज भात काय फक्कड झालाय!" मला दरदरून घाम.

अर्ध्या तासात तिचे गाल, गळा लालबुंद. कानशिलं दाबून बसली. "तुमचं काही नाही हो वहिनी, तांदळातच काहीतरी असेल," असं उलट मलाच समजावत लवकर निघाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि हे? सोफ्यावर आडवे. घोरतायत! संध्याकाळपर्यंत तीनदा कपाळाला हात लावून बघितला. गार.

२५ मार्च
ढोंगी ती नाही. मग कोण?

२६ मार्च
तिच्या घरी गेले. पावडरीचं सगळं सांगितलं. पाय धरायचेच बाकी ठेवले होते. तिने मला पाणी दिलं. मग म्हणाली, "दोन वर्षं झाली म्हणे, त्यांना आता काही होत नाही. ऑफिसात सगळं खातात. मी म्हटलं, घरी सांगा ना! तर म्हणाले, ती ताट वाढते आणि समोर बसून बघत राहते. माझा पहिला घास नीट गेला की तिचा चेहरा असा उजळतो — कुठल्या तोंडाने सांगू?"

माझा चेहरा उजळतो, हे तिला माहीत. मला नव्हतं.