बिनधुराची गिरणी

४ ऑगस्ट
पुण्याच्या एका फराळवाल्या कंपनीचा ईमेल. त्यांना वर्षभर पोहे हवेत, पण गिरणीचा कार्बन किती ते आधी कळवा म्हणतात. काम मिळालं तर गिरणी बाराही महिने चालेल. नाहीतर दिवाळीनंतर शटर. कासूच्या गिरणीवाल्या हरेशलाही हाच ईमेल गेलाय. हरेशला ईमेल उघडायला पुतण्या लागतो. काम आपलंच.

५ ऑगस्ट, संध्याकाळी ७
वेबिनार ऐकला. आधी मोजा, मग कमी करा, उरलेलं भरून काढा. अर्ध्यात सोडला, मुद्दा कळला होता. मोजणी आजच केली. हायवेपलीकडे उभा राहून गिरणीच्या धुराड्याकडे पाहिलं. वहीत काळा, राखाडी, फिकट असे तीन कॉलम. काळा भरून वाहतोय. आकडे नंतर टाकू.

७ ऑगस्ट
कारण सापडलं. भट्टीत भाताचं तूस जळतं. आपल्याच भाताचं, फुकटचं, म्हणून वडिलांपासून कोणी डोकं चालवलं नाही. आता डिझेलचा बर्नर. पांडू वीस वर्षं ही भट्टी सांभाळतोय, त्याला नीट समजावलं. तो म्हणाला, "धूर व्हतो शेठ, पन फुडच्या साली भात परत उगवतंय, त्यो धूर तोच खातो. डिझेल कुठं उगवतंय?"
शिक्षण नसलं की असं होतं.

११ ऑगस्ट
बर्नर बसला. सेकंडहँड, तळोज्याहून. माझ्याच गाडीने तीन फेऱ्या मारून पार्ट आणले. धूर शून्य. प्रतिक्षा म्हणाली, महिनाभर दोन्ही ठेवा. बायको की विरोधी पक्ष? भट्टी पाडून टाकली, परतीचा मोह नको. पांडूला सुट्टी दिली. बिनपगारी, पण सन्मानाने. त्याची पोरगी कमळी आपल्याकडेच चाळणीवर आहे. दिवसभर चाळणी आपटत होती.

२० ऑगस्ट
मागच्या अंगणात तुसाचा डोंगर. हरेशचा टेम्पो आला, नेऊ का विचारलं. न्या म्हटलं, रोज न्या. बिचारा. पुण्याला पाठवायच्या रिपोर्टमध्ये 'सामाजिक वाटप' असं लिहिलं.
कमळी कामावर यायची बंद झालीय. बघू.

२ सप्टेंबर
भरपाईचा दिवस. खाडीच्या बांधालगत सागाची शंभर रोपं लावली. शेजारच्या सगुणाकाकी म्हणाल्या, तिथं उधाणाचं पाणी येतं, तिवराच्या झाडाशिवाय काय जगत नाय. मी सांगितलं, फोटोत पाणी दिसत नाही.
शिवाय आवारातला शिरीष कापायचा ठरला होता, कापला नाही. तोही जमेत धरला.

९ सप्टेंबर
उधाण. शंभरातली चार उरली. तीही साग नसावीत. रिपोर्ट तपासला, तिथे 'लागवड १००' असं आहे. लागवड झालीच होती. बदलायची गरज नाही.

२४ सप्टेंबर, दुपारी
पुण्याहून तपासणीला भाविका मॅडम आल्या. धुराची वही दाखवली, त्यांनी पानं उलटली आणि परत दिली. त्यांना डिझेलची बिलं हवी होती. सगळी दिली, तळोज्याच्या फेऱ्यांसकट. आपल्याकडे लपवाछपवी नसते. जाताना भट्टीच्या जागेकडे बघून काहीतरी टिपून घेतलं. बहुतेक कौतुक.

३ ऑक्टोबर
ईमेल आला. तुसाचा धूर म्हणे ते वेगळा धरतात, कारण पुढचं पीक तो परत शोषून घेतं. डिझेलचा मात्र सगळा आमच्या नावावर. भट्टी असती तर आमच्या खात्यात जवळजवळ काहीच नव्हतं. शिरीषाचा उल्लेखही नाही.
काम हरेशला. त्याच्याकडे वाढीव उत्पादनासाठी पुरेसं तूस आहे, म्हणतात.

५ ऑक्टोबर
कासूला गेलो. हरेशच्या भट्टीपुढे पांडू, चाळणीवर कमळी. हरेशने खुर्ची दिली, चहा दिला, एका शब्दाने टोमणा मारला नाही. तेच जास्त लागलं. पांडूला म्हटलं, भट्टी परत बांधून दे.
"बांधीन की शेठ, दिवाळी झाल्याव. आता हितं दोन शिफ्ट हायत."
कमळीने मान वर केली नाही. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

८ ऑक्टोबर, सकाळी ९
प्रतिक्षाने कांदेपोहे केले होते. बऱ्याच दिवसांनी मनासारखे झाले. आपल्या पोह्यांना हल्ली डिझेलचा वास येतो, असं तिचं चाललेलं असतं. म्हटलं बघ, गेला ना वास.
म्हणाली, हे कासूचे आहेत.
अजून एक बशी घेतली.