फोनमधल्या घाणीले ठेंगा

१२ जानेवारी, सकाळी
नातीनं, नंदिनीनं, पुण्याहून फोन पाठवला. लेकीचे फोटो टाकत जाईन, आजी, पाहात जाजो म्हणे. पाह्यले. पणती बोळक्यानं हसते! पाहता पाहता पोळी जळली. सून कांता बडबडली. बडबडू दे. नंदिनी उष्टवणाले लेकराले इथंच आणतो म्हणते, बोरगावले. मी तिसरीच शिकली, पण फोन एका दिवसात चालवता आला.

फोटोमागून व्हिडिओ आला. एकजण दुसऱ्याच्या पाठीवरची पुटकुळी दाबून राह्यला. पिवळं निघालं. शी! पण फोनवाल्यानं सोय चांगली केली. खाली ठेंगा काढून ठेवला. ज्याची किळस आली त्याले दाखवाचा. दाबला.

१५ जानेवारी
मेला घाबरला नाई. आज नाकावरची पुटकुळी घेऊन आला. ठेंगा. मंग एकानं कानातला मळ काढला, काळा, बोराएवढा. पूर्ण पाह्यला. अर्धवट पाहून ठेंगा देणं बरोबर नाई.

पणती टोपडं घालून आली. तिले कोण ठेंगा दाखवते? कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. दृष्ट गेली.

२१ जानेवारी
कांता म्हणे, नाक मुरडून इतकं काय पाहाता मामी? म्हटलं, सफाई करून राह्यली. फोन आता साफ होतच आला. आज फक्त टाचेच्या भेगा खरडणारे अन् झुणक्यावर चॉकलेट ओतणारी बाई. झुणक्यावर! तिले दोनदा ठेंगा दिला, तं तो पुसूनच गेला. म्हणून तिसऱ्यांदा दिला.

२८ जानेवारी
पणतीचा फोटो येतच नाई. नंदिनी पुण्याले जाऊन शेफारली. मीबी फोन करणार नाई. ठरलं म्हणजे ठरलं.

२८ जानेवारी, दुपारी
केला. ती काऊन करीन, लहान आहे. तुटक बोलली. टाकतो न रोज, तूच पाहात नाई म्हणे. खोटारडी!

३ फेब्रुवारी
उष्टवण पुण्यालेच करतो म्हणून नंदिनीनं आईले सांगतलं. कांताचं तोंड उतरलं. मी ताट सारलं. मन रमवाले कानातला मळ पाह्यला. किती घाण लोक आहेत! साऱ्यांले ठेंगा.

१० फेब्रुवारी
कांतानं नंदिनीले फोन लावला, स्पीकरवर. पोरगी रडून राह्यली. आजीनं माह्या लेकीच्या एकाबी फोटोले लाईक दिलं नाई म्हणे. अन् माह्या सासूच्या फोनवर रोज आजीचं नाव येते, आनंदाबाईंना हे आवडलं, खाली पुटकुळी. सासू जेवताना फोन पाहाते. तुमची आजी अशी कशी, म्हणते.

मी म्हटलं, आवडलं कुठं? मी तं ठेंगा देतो.

नंदिनी रडाची थांबली. म्हणे, आजी, तो आंगठा आहे. आवडलं म्हणून देतात. ज्याले देशीन, त्याच्यासारखं अजून येते. ज्याले देत नाई, ते दिसाचं बंद होते.

मी म्हटलं, मी पोरीले रोज बोटं मोडली न!

त्याचं बटन कुठं आहे, आजी, म्हणे. अन् अशी हसली का लेकरू उठून रडाले लागलं. उष्टवणाले येतो म्हणे, पण आधी आंगठे दे. तिनं सांगतलं तसं तिच्या नावावर दाबलं, तं सारे फोटो निघाले. पणती बसाले लागली, मले पत्ताच नाई! साऱ्यांले दिले. आता पुटकुळ्यांकडे ढुंकूनबी पाहाणार नाई.

१२ फेब्रुवारी
पुटकुळ्या कमी झाल्या. आता लेकरंच लेकरं. कोणाची, देव जाणे. एक हगलं, बाप दात काढून राह्यला. एक बाई लेकराचा शेंबूड नळीनं ओढून राह्यली, नळीचं दुसरं टोक स्वतःच्या तोंडात. शी शी शी! आंगठा दिला नाई. पण दुसरी नाकपुडी राह्यली आहे, मोकळी होते का नाई ते तं पाहा लागते. कांता हाका मारून राह्यली, पणतीचा नवा फोटो आला म्हणे.

येतो म्हटलं. एवढं निघू दे.